अभिप्राय वही की देवघेव वही?

मागच्या लेखात संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा यावर बोललो होतो. आज पुढची पायरी: काय मोजायचं? उदाहरण माझ्या सूक्ष्मजीवशास्त्रातलं देणार होते, पेट्री डिश वगैरे. पण गेल्या ऑक्टोबरपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून तीच घेते. ती प्रयोगशाळेतली नाही, एका हायस्कूलच्या ग्रंथालयातली आहे. त्यात थोडी टीका आहे आणि त्या टीकेतून मी स्वतः सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलने 'आपल्या भागातली, पीएच.डी. करणारी मुलगी' म्हणून मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आईने साडी इस्त्री करून ठेवली.

सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पालखीत पुस्तकं, पुढे टाळ वाजवणारी मुलं, नऊवारीतल्या मुली, हातात घोषणांचे फलक. बाजारपेठेतून फिरून दिंडी शाळेत आली. मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. मग माझं भाषण. त्यात 'वाचाल तर वाचाल' आलं, कलामसरांचं बालपण आलं, रामेश्वरमला त्यांनी वर्तमानपत्रं वाटली ते आलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर अर्धा तास सामूहिक वाचन. मुलं पटांगणात रांगेने बसली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं गेलं. कोणाला काय मिळतंय हे बघायला कोणाला वेळ नव्हता, त्यामुळे दहावीतल्या एका मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात 'अ अननसाचा' छापाचं चित्रांचं पुस्तक आलं आणि तो ते मांडीखाली लपवत होता. तेवढ्यात फोटो काढायला सर आले. "पुस्तकं जरा वर धरा रे, नावं दिसली पाहिजेत!" सगळ्यांनी पुस्तकं तोंडासमोर धरली. वाचनाचा फोटो निघेपर्यंत वाचन थांबलं होतं.

शेवटी ग्रंथप्रदर्शन. एका वर्गात बाकांवर पांढऱ्या चादरी घालून शाळेची पुस्तकं मांडली होती. फीत कापली. मुलं रांगेने आत येत, बाकांच्या कडेने फिरत आणि दुसऱ्या दाराने बाहेर जात. आठवीतली एक मुलगी सापांवरच्या एका पुस्तकापाशी थांबली. तिने दोन पानं उलटली, मागची रांग ढकलायला लागली तरी हलेना. मग तिने माझ्याकडे बघितलं, मी पाहुणी असल्यामुळे माझ्या हातात सत्ता आहे असं तिला वाटलं असावं.

"मॅडम, हे घरी नेलं तर चालतं का?"

मी ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "प्रदर्शनातलं आहे गं. नंतर बघू." मुलगी पुढे सरकली.

दुसऱ्या दारापाशी टेबलावर अभिप्राय वही ठेवली होती. त्यात मी काय लिहिलं असेल? 'अत्यंत स्तुत्य उपक्रम. यामुळे विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी निश्चितच वाढेल.' खाली सही. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेली, रोज कंट्रोल कुठे आहे म्हणून ज्युनिअर मुलांना छळणारी मी. दोन वाक्यांत कार्यकारणभाव सिद्ध करून मोकळी झाले, आणि त्याचा पुरावा उलट दिशेने बोट दाखवत पाच मिनिटांपूर्वी माझ्यासमोरून गेला होता.

ते वाक्य घरी गेल्यावर टोचायला लागलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुन्हा शाळेत गेले आणि बाईंना म्हटलं, मला देवघेव रजिस्टर बघू द्याल का? बाई हिंदी शिकवतात. ग्रंथालय त्यांच्याकडे अतिरिक्त आहे. आधी त्या जरा बिचकल्या, तपासणीला आलेय की काय असं वाटलं त्यांना. मग चहा मागवला आणि रजिस्टर काढून दिलं.

ज्यांना संशोधनात यायचंय त्यांनी असलं एखादं रजिस्टर एकदा तरी हातात घ्यावं. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता-तुकडी, दिल्याची तारीख, परत केल्याची तारीख, सही. एवढेच रकाने. कोणीही संशोधनासाठी म्हणून भरलेलं नाही, त्यामुळे कोणाला खूश करण्यासाठीही भरलेलं नाही. प्रश्नावली देऊन 'तुला वाचायला आवडतं का?' असं विचारलं तर आठवीतलं कोणतं मूल नाही म्हणेल? रजिस्टरला मात्र कोणाला काय आवडायला हवं याच्याशी देणंघेणं नसतं.

१५ ऑक्टोबरच्या तारखेला एकही नोंद नव्हती. त्यानंतर सुट्टी लागेपर्यंतही नाही. आधीच्या वर्षीचा ऑक्टोबर काढला, तोही तसाच. ज्या काही नोंदी होत्या त्या बहुतेक शिक्षकांच्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. सापाचं पुस्तक कोणाच्याच नावावर नव्हतं.

मग पानं मागे उलटता उलटता एका जुन्या वर्षात पोचले आणि तिथे नोंदींची गर्दीच. पानंच्या पानं, सगळी शनिवारची, बहुतेक एकाच तुकडीची. त्याच मुलांची नावं पुन्हा पुन्हा. बाईंना विचारलं, या वर्षी काय होतं? कुठला उपक्रम? त्या आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "उपक्रम काही नव्हता. त्या वर्गाला एक मॅडम होत्या, त्या शनिवारी शेवटच्या तासाला किल्ली घेऊन जायच्या. मुलं कपाटापाशी बसायची. मग त्यांची बदली झाली."

इथे मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मिळाला निष्कर्ष! समारंभाने काही होत नाही, कपाट उघडल्याने होतं. लेख तयार.

पण मित्रांनो, थांबायला शिकायचं ते इथेच. माझ्या सरांची एक सवय आहे. आलेख मनासारखा आला की ते म्हणतात, "छान. आता हा चुकीचा असण्याची कारणं सांग." तर सांगते.

पहिलं म्हणजे, नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. कदाचित बाई पुस्तकं तोंडीच देत असतील. कदाचित त्या जुन्या मॅडम नोंदीच्या बाबतीत काटेकोर असतील आणि बाकीचे नसतील. म्हणजे मी वाचन मोजलं म्हणते आणि प्रत्यक्षात मोजला तो नोंद करणाऱ्याचा स्वभाव. दुसरं, ऑक्टोबर हा सत्र परीक्षेचा आणि सुट्टीचा काळ. मुलं तेव्हा एरवीही पुस्तकं नेत नसतील, मग त्याचं खापर प्रेरणा दिनावर का? तिसरं, ती तुकडी 'अ' होती. हुशार मुलांची, घरी वर्तमानपत्र येणाऱ्यांची. त्यांनी तसंही वाचलं असतं. आणि चौथं, नेलं म्हणजे वाचलं असंही नाही. माझ्या स्वतःच्या टेबलावर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणलेली तीन पुस्तकं आहेत, त्यांतली दोन मी फक्त नूतनीकरणासाठी उचलते.

म्हणजे एका शाळेच्या एका रजिस्टरवरून मी काहीही सिद्ध केलेलं नाही. माझ्याकडे फक्त एक चांगला प्रश्न आहे. अभिप्राय वहीतल्या वाक्यापेक्षा तो बरा आहे, एवढंच.

मोठ्या पातळीवरही हे कोडं सोपं नाही. अमेरिकेत कीथ करी लान्स यांनी १९९३ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या शालेय ग्रंथालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे ग्रंथालयाला मनुष्यबळ आणि पुस्तकं जास्त, तिथे मुलांचे वाचनाचे गुण जास्त, असं त्यात दिसलं. पण ज्या शाळेचं ग्रंथालय चांगलं तिथली वस्ती सुखवस्तू असण्याचीही शक्यता मोठी, ही शंका लगेच येते. लान्स यांनी आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा प्रभाव बाजूला काढून बघितलं, तरीही संबंध टिकला. हे काम चांगलंच आहे. तरी तो सहसंबंधच. दुसरीकडे, मुलांना हवं ते पुस्तक शांतपणे वाचू द्या, परीक्षा नको, सारांश नको, असं स्टीफन क्रॅशन वर्षानुवर्षं मांडत आले. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने उपलब्ध अभ्यास चाळले आणि शाळेतल्या मूकवाचनामुळे वाचनाचा सराईतपणा वाढतो असं म्हणायला पुरेसा प्रायोगिक पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. क्रॅशन यांनी त्यावर कडाडून टीका केली.

नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी यातला एक शब्द नीट बघावा. 'पुरावा पुरेसा नाही' आणि 'परिणाम होत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वर्तमानपत्रात आणि व्हायव्हात दोन्हीकडे त्यांची अदलाबदल होते.

आता पुन्हा बाईंकडे. मी विचारलं, कपाट एरवी बंद का असतं? मला वाटलं होतं आळस असेल, उदासीनता असेल. शाळांवर टीका करणारे आपण सगळे तिथेच पोचतो. बाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या:

"हे बघ, पुस्तक हरवलं तर साठा तपासणीत माझ्या नावावर निघतं, पैसे मी भरायचे. कार्यक्रम नाही केला तर खुलासा मला द्यायचा. मुलांनी वाचलं नाही, तर कोण विचारतंय?"

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे, आणि ते ना माझ्या भाषणात होतं ना कुठल्या अहवालात. बाई बेफिकीर नव्हत्या. तिन्ही गोष्टींचा हिशेब त्यांनी अचूक मांडला होता. पुस्तक कपाटात राहिलं तर त्यांचं काहीच जात नाही, पुस्तक मुलाच्या दप्तरात गेलं तर जाऊ शकतं. शाळेने पाठवायच्या अहवालात काय होतं तेही त्यांनी दाखवलं: कार्यक्रमाचं नाव, तारीख, प्रमुख पाहुणे, उपस्थिती, फोटो. कपाट किती वेळा उघडलं हा रकानाच नाही.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं. त्याचं आज प्रचलित असलेलं रूप असं, की एखादं मोजमाप उद्दिष्ट बनलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. सरकारला वाटलं असणार की शाळेत वाचनाचे कार्यक्रम होतात म्हणजे वाचन होतंय, तेव्हा कार्यक्रम मोजू. एकदा मोजायला लागल्यावर शाळांनी कार्यक्रम केले, वाचन होतं तिथेच राहिलं. यात कोणी लबाडी केली नाही. फोटोत पुस्तकाचं नाव दिसावं म्हणून धडपडणारे ते सर त्यांचं काम प्रामाणिकपणेच करत होते.

आणि आपण काय वेगळे आहोत? माझ्या दर सहामाहीच्या प्रगती अहवालात 'किती परिषदांना उपस्थित' हा रकाना आहे, 'किती प्रयोग फसले आणि का' हा नाही. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमावलीत निघाली. त्याआधी त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा केवढा बाजार उभा राहिला ते आपल्या सीनिअर्सना विचारा. तेही पुस्तक तोंडासमोर धरून काढलेले फोटोच होते.

ग्रंथालयाच्या बाबतीत हे सगळं आपल्याकडच्याच एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. (त्या दिवशीही प्रतिमापूजन असतं.) हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा पहिल्या काही दिवसांत त्या रिकाम्या खोलीतल्या शांततेला इतके कंटाळले की परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले होते. पुढे लंडनला जाऊन आल्यावर मात्र तेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि पहिला नियम इतका साधा आहे की हसू येतं: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हे सांगायची गरज का पडावी? कारण एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं फडताळाला साखळीने बांधलेली असायची, आणि साखळ्या गेल्यावरही जपून ठेवायची वृत्ती गेली नाही, हे रंगनाथन यांनी नेमकं दाखवलं. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यावं असा त्यांचा आग्रह होता. १९३१ म्हणजे कलामांचं जन्मवर्ष. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण भाषणात वापरायला बरा. मला तेव्हा सुचला नाही.

समारंभ बंद करा असं माझं म्हणणं आहे का? सुरुवातीला होतं. आता नाही. नीट विचार केला तर त्या शाळेत वर्षभरात त्या एका दिवशी सगळीच्या सगळी पुस्तकं कपाटाबाहेर आली होती. बाकांवर, उघड्यावर, मुलांच्या हाताच्या अंतरावर. सापाचं पुस्तक आहे हे त्या मुलीला कळलं ते प्रदर्शनामुळेच. दिंडी, भाषण, सामूहिक वाचन यांबद्दल मी साशंक आहे, प्रदर्शनाबद्दल नाही. ते इतकं जवळ आलं होतं! फक्त दुसऱ्या दारापाशी चुकीची वही ठेवली होती. अभिप्राय वहीच्या जागी देवघेव वही असती, तर तेच टेबल, तीच रांग, तोच दिवस आणि मुलगी पुस्तक घेऊन घरी.

हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि हरवलं तर?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

संशोधक म्हणून मात्र मला हा छोटासा प्रयोग करून बघायचा आहे, आणि तुमच्यापैकी कोणी शिक्षणशास्त्र किंवा ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी.चा विषय शोधत असेल तर खुशाल उचला. प्रदर्शनाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे बघायचे, पण सुट्टी आणि परीक्षा मध्ये येणार नाहीत असे. जमलं तर शेजारच्या तशाच शाळेत अभिप्राय वहीवालं प्रदर्शन होऊ द्यायचं, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. नोंद दोन्हीकडे एकाच पद्धतीने व्हायला हवी, नाहीतर वर सांगितलेला घोटाळा होणारच. आणि मोजायचं काय? किती पुस्तकं गेली हे नको. पहिल्या दिवशी उत्साहात, मैत्रिणीने घेतलं म्हणून, बाई बघतायत म्हणून, कशानेही पुस्तक जाईल. मी मोजणार दुसरं पुस्तक. म्हणजे जिने एक परत केलं, तिने त्यानंतर आपणहून आणखी एक नेलं का? त्या जुन्या रजिस्टरमध्ये मला जे आवडलं होतं ते आकड्यांपेक्षा हेच, तीच नावं पुन्हा पुन्हा येत होती.

यावरही आक्षेप आहेच. उद्या कोणी 'दुसरं पुस्तक' हा रकाना अहवालात टाकला, तर वर्ष संपायच्या आत प्रत्येक मुलाच्या नावावर दोन सह्या असतील. गुडहार्टसाहेब माझ्यासाठी वेगळा नियम करणार नाहीत. म्हणून हे मोजमाप अहवालात जाऊ नये, कोणाच्या खुलाशाला जोडू नये, असं माझं मत आहे. ते रजिस्टरमध्येच पडून राहू दे आणि एखादी चौकस व्यक्ती चहा पीत बघू दे.

काल बाईंचा फोन आला. यंदाच्या १५ ऑक्टोबरसाठी पाहुणे ठरवायचे आहेत, परत येशील का? मी म्हटलं, शाल-श्रीफळ नको, भाषण पाच मिनिटांचं, आणि दारापाशी देवघेव वही ठेवणार असाल तर येते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "ठेवते. पण हरवलेल्या पुस्तकांचे पैसे तुझ्याकडून घेईन, आत्ताच सांगते."

फेलोशिप अजून जमा झालेली नाही. तरी हो म्हटलंय.